वाचून दाखवले, समजले

जून महिन्यात प्रवेश सुरू झाले की आमच्या उर्दू शाळेत अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे येते. माझे मराठी बरे आहे, एवढेच त्याचे कारण. अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेकांचा एकच शब्द पडतो : मजुरी. मी लिहिता लिहिता विचारते, "कसली मजुरी?" मग कुणी सेंट्रिंग सांगतो, कुणी फरशी, कुणी प्लास्टर, कुणी सळई बांधणे, कुणी रंगकाम. रकाना लहान असतो. मी पुन्हा 'मजुरी' एवढेच लिहिते. जळगावात मेहरुण, तांबापुरा, शिवाजीनगर आणि धुळ्यात हजार खोली, मौलवीगंज, वडजाई रोड या भागांतली किती घरे या एका शब्दावर चालतात, हे प्रवेशाच्या आठ दिवसांत कळते.

माझे दादा जळगावच्या खानदेश मिलमध्ये होते. त्यांचे मिलचे कार्ड आमच्या घरात अजून जपून ठेवले आहे. त्यावर नंबर आहे, खात्याचे नाव आहे. मिलमध्ये कुणाचे बोट सापडले तर कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रात सापडले याची नोंद होत असे, असे ते सांगत. अब्बा गवंडी झाले. चाळीस वर्षांत त्यांनी जळगाव, भुसावळ, पाचोरा, धुळे इथे किती घरे बांधली ते त्यांना तोंडपाठ आहे. रस्त्याने जाताना ते एकेक इमारत दाखवतात. पण तिथे त्यांनी काम केले याचा एकही कागद आमच्याकडे नाही. एका पिढीत कामगाराचे नाव कागदावरून गेले. हजेरीचे पुस्तक मुकादमाच्या खिशात गेले.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. नाव लिहीत नाही. त्यांनीच तशी विनंती केली आहे. वय तेव्हा ३५, काम सेंट्रिंगचे. जळगावच्या एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर ते धुळ्याला एका इमारतीच्या कामावर होते. पहाटे पाचला पिकअप जळगावहून निघायची. जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या मजल्यावर फळ्या काढताना पाय सुटला आणि ते खाली सळयांच्या ढिगावर पडले. उजवा खांदा आणि कोपर यांचा चुरा झाला. सोबतच्यांनी धुळ्यातल्या एका दवाखान्यात नेले. तिथे 'कसे लागले?' या प्रश्नाचे उत्तर मुकादमाने दिले : घरी जिन्यावरून पडला. केसपेपरवर तेच उतरले. बेशुद्ध माणूस काय बोलणार?

फेब्रुवारीत त्यांची मुलगी, तेव्हा सातवीत, मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. दप्तरातून तिने घडी घातलेली झेरॉक्स काढली. "अब्बू ने बोला, मॅडम से पूछ के आ, इसमें क्या लिखा है."

शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. मराठीत टाइप केलेली. मजकूर असा की, मी अमुक ठेकेदाराच्या अमुक साइटवर काम करीत असताना माझ्या स्वतःच्या चुकीने पडलो, ठेकेदाराने माणुसकीच्या नात्याने मला मदत म्हणून चाळीस हजार रुपये रोख दिले, यापुढे माझी किंवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही, कोणत्याही कोर्टात दावा करणार नाही. आणि खाली, जसे सगळ्या कागदांवर असते तसे : 'सदर मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला व खरा आहे.' त्याखाली डाव्या हाताचा अंगठा. या माणसाला सही येते. उर्दूत येते आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. पण उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मी विचारले, "वाचून कुणी दाखवला?"

"कोई नई, मॅडम. बोले, मदद का कागद है, अंगूठा लगाव."

उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागते. आमची मुले उर्दू वाचतात, मराठी एक विषय म्हणून शिकतात आणि त्यांच्या घरी येणारा प्रत्येक महत्त्वाचा कागद मराठीत असतो : वीजबिल, सातबारा, पंचनामा, कोर्टाची नोटीस. उर्दू शाळा बंद करा, असे यावरून मला म्हणायचे नाही. तसे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मुलांचे वडील फळीवरून पडत नाहीत. मला एवढेच वाटते की मराठीच्या तासाला कवितेच्या रसग्रहणाबरोबर एखादा स्टॅम्पपेपरही फळ्यावर लिहावा. मी आता आठवी-नववीला तसे करते.

मी वकील नाही. त्या कुटुंबाला घेऊन मी जळगावच्या जिल्हा न्यायालयात गेले. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा असते. आम्हांला एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी झेरॉक्स एकदा वाचली, परत वाचली आणि हसल्या. म्हणाल्या, "हा कागद जपून ठेवा. तुमच्याकडचा सर्वांत चांगला पुरावा हाच आहे."

आम्ही तर तो कागद म्हणजे सगळे संपले असे समजून गेलो होतो.

त्यांनी समजावले ते असे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू झालेला. म्हणजे माझ्या दादांच्याही आधीचा. २०१० पासून त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. त्याचे सतरावे कलम सांगते की या कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देण्याचा किंवा कमी करण्याचा कोणताही करार रद्दबातल आहे. केलाच नाही असे समजायचे. तडजोड करायची तर ती आयुक्तांसमोर नोंदवावी लागते आणि रक्कम फार कमी वाटली किंवा फसवणूक दिसली तर आयुक्त ती नोंदवायचे नाकारू शकतात. तेव्हा 'दावा करणार नाही' या ओळीला किंमत नाही. पण 'अमुक ठेकेदाराच्या अमुक साइटवर काम करीत असताना पडलो' ही ओळ ठेकेदारानेच लिहवून घेतली होती. केसपेपर म्हणतो घरी पडला, ठेकेदाराचा कागद म्हणतो साइटवर पडला. आपली सुटका करून घ्यायला त्याने जे लिहिले, तेच त्याला बांधून ठेवणारे निघाले.

"पण चूक माझीच होती ना?" मुलीच्या वडिलांनी विचारले. प्रामाणिक माणूस. फळी त्यांनीच बांधली होती.

वकीलबाई म्हणाल्या, इथे चूक कुणाची हा प्रश्नच नाही. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला एवढे पुरे आहे. कामगार दारूच्या नशेत असेल, सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढून टाकली असेल तर मालक नाही म्हणू शकतो. तेही मृत्यू झाला असेल किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर चालत नाही. पट्टाच दिला नसेल, तर काढून टाकण्याचा प्रश्न कुठे येतो?

आता आकडे. आमच्या लोकांना आकडा कळल्याशिवाय कायदा कळत नाही, आणि ते बरोबरच आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरवलेल्या गुणकाने गुणायचे. मजुरी कितीही असली तरी जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी ती १५ हजारांपर्यंतच धरतात. यांची मजुरी रोजची सातशे. महिन्याचे २६ दिवस धरले तर १८,२००. म्हणून १५ हजार. त्याचे ६० टक्के ९,०००. पस्तीस वर्षे वयाचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४० रुपये. मी तो वकीलबाईंच्या टेबलावर कागदावर केला आणि मुलीच्या आईकडे सरकवला. भाभींनी बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवले होते. चाळीस हजारांतले पंचवीस हजार तोवर दवाखान्यात गेले होते. आणि दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च तर २००९ च्या दुरुस्तीने मालकानेच द्यायचा आहे, भरपाईच्या वेगळा. हात बरा होईपर्यंतच्या काळात दर पंधरा दिवसांनी मजुरीचा चौथा हिस्साही.

पण डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व ४५ टक्के लिहिले होते. त्या हिशेबाने रक्कम ७,९८,०९३ वर येते. इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट कळली. ओडिशात (तेव्हाचे ओरिसा) १९६८ मध्ये एक सुतार एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडला. डावा हात कापावा लागला. हा माझा नोकर नव्हे आणि पडला तो स्वतःच्या निष्काळजीपणाने, अशी मालकाची बाजू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ डिसेंबर १९७५ रोजी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाचे अपंगत्व पूर्ण आहे. भरपाई ९,८०० रुपये, वर निम्मा दंड आणि व्याज. शिवाय भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, कोर्टाने ठरवल्या दिवसापासून नव्हे, हेही त्यात आले. एआयआर १९७६, सुप्रीम कोर्ट, पान २२२. हा आकडा मी मुद्दाम देते आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाला कधी वकिलाच्या हातात द्यावा लागला तर उपयोगी पडेल. डॉक्टर हाताचा टक्का मोजतात, कायद्याला कमाईचा टक्का हवा असतो. सेंट्रिंगवाल्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसेल तर तो डोक्यावर प्लेट कशी धरणार?

अर्ज कुठे करायचा, हाही एक प्रश्न होता. अपघात धुळ्यात, माणूस जळगावचा. कितीतरी लोक इथेच थांबतात. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर तारखेला कोण जाणार? पण १९९५ मधल्या दुरुस्तीनंतर कामगार जिथे राहतो तिथेही अर्ज करता येतो. आयुक्त म्हटले की कलेक्टर कचेरीतला साहेब डोळ्यासमोर येतो; प्रत्यक्षात न्यायाधीशच ते काम पाहतात. मुदत अपघातापासून दोन वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची वाट का पाहायची? जुलै २०२३ मध्ये जळगावात अर्ज दाखल झाला, ठेकेदार आणि बिल्डर दोघांवर.

आणि मग मोहल्ल्यात गडबड उडाली.

ठेकेदार आपलाच माणूस. भाभींच्या खालाच्या सासरकडून नातेही लागते. ईदला येणे-जाणे. त्याच्याच टोळीत मोहल्ल्यातले पंधरा-वीस जण कामाला. एका रविवारी हाजीसाहेबांच्या ओट्यावर बैठक बसली. मला बोलावले नव्हते. अब्बा गेले होते, त्यांनी सांगितले. "अपने आदमी पे केस? गैरों में हँसी होगी." "उसने चालीस हजार दिए, दूसरा कौन देता?" "जो होना था वो किस्मत में था." कुणी म्हणाले, ये टीचर लोग पढ़-लिख के घर तोड़ते हैं.

अब्बा कमी बोलतात. ते म्हणाले, "पंचवीस वर्षांपूर्वी मीही पडलो होतो पाचोऱ्याला. तेव्हा सगळ्यांनी मिळून मला गव्हाचं पोतं दिलं होतं. मी सगळ्यांचे आभार मानले होते." एवढे बोलून उठून आले.

आपल्या समाजात मदतीची काही कमी नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. या कुटुंबासाठी जुम्याच्या नमाजनंतर चादर फिरली. आमच्या स्टाफने पैसे जमवले. किराणावाल्याने तीन महिने उधारीचे नाव काढले नाही. घामाच्या मजुरीची हदीस तर लहान मुलांनाही पाठ असते. पण मदत आणि हक यांत आपण फार घोळ घालतो. जकात घेणाऱ्याचाही हक असतो असे आपण मानतो, आणि ज्याच्या हाताने मजला उभा राहिला त्याने हाताची किंमत मागितली की तो घर फोडणारा ठरतो. ठेकेदाराने दिले त्याला कागदावर 'मदत' म्हटले होते, तिथेच सगळी मेख होती.

मोठ्या अपघातांत तरी वेगळे काय होते? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांत तिथेच राहणारे मजूर आणि त्यांची मुलेबाळे होती. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जीव गेले, बहुतेक बिहारच्या कटिहार जिल्ह्यातले, आणि त्यांत लहान मुलेही. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्याला स्लॅबची लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर गेले, तेही बिहारचेच. अशा वेळी मंत्री येतात, सानुग्रह मदत जाहीर होते, वर्तमानपत्रात आकडा छापून येतो, आणि तोच आकडा म्हणजे भरपाई असे सगळे समजतात. सरकार देते ते वेगळे. मालकाचे देणे त्याने फिटत नाही. मृत्यूच्या बाबतीत तर कायदा इतका सावध आहे की मालकाने विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. रक्कम आयुक्तांकडेच भरावी लागते. हा कायदा करणाऱ्यांना आमच्यासारख्या मोहल्ल्याच्या बैठका ठाऊक असाव्यात.

'आपल्या माणसावर केस' या प्रश्नालाही कायद्यात उत्तर आहे. बारावे कलम सांगते की बिल्डरने आपल्या धंद्यातले काम ठेकेदाराला दिले असेल तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई बिल्डरकडून थेट मागता येते. बिल्डर ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करील, तो त्यांचा व्यवहार. एखाद्याने आपले राहते घर ठेकेदाराकडून बांधून घेतले तर तो घरमालक यात येत नाही, कारण घरे बांधणे हा त्याचा धंदा नव्हे; तिथे ठेकेदारच. आणि ठेकेदाराला कामगारांच्या भरपाईसाठी विमा काढता येतो. तो हप्ता त्याने भरला असता तर ना त्याचे घर मोडले असते, ना यांचे. ही गोष्ट मी ठेकेदाराच्या बायकोलाही सांगितली. तिची मुलगी आमच्याच शाळेत आहे.

बिल्डरचे म्हणणे आले : हा माणूस आमच्या साइटवर कधीच नव्हता. ठेकेदाराचे म्हणणे आले : तसा कोणताही कागद आम्ही केलेला नाही. मूळ स्टॅम्पपेपर त्यांच्याकडे, आमच्याकडे झेरॉक्स. आता काय?

इथे माझ्या विद्यार्थिनीची गणिताची वही कामाला आली. तिचे वडील दर शनिवारी हप्ता घेऊन घरी आले की तिला बसवून हजेरी लिहायला लावत : कोणत्या दिवशी कुठे काम, पूर्ण की अर्धा रोज, उचल किती. तिने ते वहीच्या मागच्या बाजूने लिहिले होते, उर्दूत. (उर्दू वही उजवीकडून उघडते, तेव्हा आमची मागची बाजू म्हणजे कोर्टाची पुढची बाजू. त्यावरूनही पाच मिनिटे गेली.) वकीलबाईंनी मला भाषांतर करायला सांगितले आणि मी ते खरे असल्याचे सांगायला साक्षीला उभी राहिले. समोरच्या वकिलांनी विचारले, "तुम्ही बांधकामावर हजर होता का?" नव्हते. "मग यात लिहिलेले खरे आहे हे तुम्ही कसे सांगता?" मी म्हटले, "मी मजकुराचा अर्थ खरा सांगते. आणि हे अक्षर माझ्या वर्गातल्या मुलीचे आहे, ते मी रोज तपासते." न्यायाधीशांनी वही हातात घेऊन पाने उलटली. एका पानावर हजेरीच्या खाली लसाविचे उदाहरण होते.

वहीशिवाय मोबाइलही होता. ठेकेदाराने दोनदा उचल मोबाइलवरून पाठवली होती. तारखेसकट ती दिसत होती. स्लॅब भरल्याच्या दिवशी टोळीने काढलेला फोटो होता, मागे इमारतीचा फलक. मजूर स्वतः कागद ठेवत नसले तरी त्यांचा फोन ठेवतो.

आणि हाजीसाहेब. स्टॅम्पपेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, त्यांतली एक त्यांची. त्यांना समन्स गेले तेव्हा मोहल्ल्यात पैजा लागल्या असतील. ते आले. शेरवानी घालून आले. विचारले तेवढेच सांगितले : "हो, अंगठा माझ्यासमोर घेतला. पैसे माझ्यासमोर दिले. वाचून दाखवला नाही." बाहेर आल्यावर ते कुणाशी बोलले नाहीत, रिक्षात बसून निघून गेले. त्यांच्या ओट्यावर त्यानंतर दोन महिने ठेकेदाराकडचे कुणी बसले नाही, असे अब्बा सांगतात.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात आणि तो मजुरांसाठी वापरायचा असतो. महाराष्ट्रातले मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. नोंदलेला कामगार कामावर मरण पावला तर वारसांना पाच लाख मिळतात, मुलांना शिष्यवृत्ती आहे. मालकाकडून येणाऱ्या भरपाईच्या हे वेगळे. आमच्या या गृहस्थांची नोंदणी नव्हती. ठेकेदार ९० दिवसांचा दाखला द्यायला तयार नव्हता, कारण दाखला दिला की माणूस आपला ठरतो. गंमत अशी की आमच्याच गल्लीत मंडळाचा भांड्यांचा संच ज्या घरांत पोहोचला आहे, त्यांतल्या काहींनी आयुष्यात घमेले उचललेले नाही. दलाल त्यांनाही दाखला मिळवून देतात. देशभर या निधीचे काय होते यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फार कडक शब्दांत लिहिले आहे. खरा मजूर सकाळी पाचला पिकअपमध्ये बसतो. रांगेत उभे राहायला त्याच्याकडे रोज नसतो.

पिकअपवरून आठवले. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलने जाताना वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये दिले. औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. कामावर पोहोचण्याआधीचा अपघात कामातला नव्हे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी भरपाई परत दिली : कामाच्या वेळेशी, जागेशी आणि कारणाशी संबंध दिसत असेल तर जाता-येतानाचा अपघातही कामातलाच. बावीस वर्षे लागली. जळगाव-धुळ्याची अपिलेही त्याच खंडपीठाकडे जातात, म्हणून ही गोष्ट आपल्या जवळची आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या आहेत. नुकसानभरपाई आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात आहे, बांधकाम मजुरांचे मंडळ आणि उपकर आठव्यात. जाता-येतानाच्या अपघाताची तरतूद संहितेतच लिहिली आहे. कलमांचे आकडे बदलले. मालकाची जबाबदारी तीच राहिली. आधी घडलेल्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालू आहेत. दवाखान्यात खरे सांगण्याचे महत्त्वही तेच आहे. साइटवर पडला तर साइटवर पडला असे सांगायचे, एमएलसी करायला लावायची, पोलिसांत जबाब द्यायचा. यांच्या वेळी निष्काळजीपणाने गंभीर दुखापतीचे कलम भारतीय दंड विधानातले ३३८ होते, १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेच्या १२५ मध्ये गेले. जळगाव-धुळ्यातल्या आमच्या बायकांना मी हेच सांगत असते : आधी रडा, पण केसपेपर वाचून मग दवाखान्यातून बाहेर पडा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा.

मुलगी यंदा दहावीत आहे. वडील डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत. किराणा दुकानात वजन करून देण्याचे काम करतात, दिवसाचे अडीचशे. बिल्डरच्या वकिलांनी मध्ये अडीच लाखांची तडजोड सुचवली, आयुक्तांसमोर नोंदवून. भाभींना ती घ्यावीशी वाटते. दोन हातउसने आहेत, मोठ्या मुलीचे ठरते आहे, आणि सतरा लाखांचा आकडा त्यांच्या दृष्टीने अजून माझ्याच कागदावर आहे. तिचे वडील नको म्हणतात. घरात यावरून बोलाचाली होते आणि दोघेही मला विचारतात. मी कायदा सांगते, व्याज १२ टक्के आहे हे सांगते, किती वेळ लागेल ते सांगता येत नाही हेही सांगते, आणि चहा घेऊन उठते.

टोळीतल्या दोन साक्षीदारांचे जबाब राहिले आहेत. दोघेही आता सुरतेला कामाला आहेत. एकाचा फोन लागत नाही. दुसऱ्याला तारखेसाठी घेऊन यायला मुलीचा चाचा काल रात्रीच्या गाडीने गेला आहे; त्याचे दोन दिवसांचे रोज भरून द्यायचे ठरले आहे.